मिशनच्या शेती प्रकल्पाला निधी द्यायचाय, पण पीक खरंच सुधारतं का?

सायली_एम

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण वेळ काढून वाचा प्लीज. आमच्या चर्चच्या तरुण संघाने यंदा जमलेला निधी मलावीतल्या एका मिशनच्या शेती प्रकल्पाला द्यायचं ठरवलंय. पाळकसाहेबांनी त्यांचं माहितीपत्रक आम्हाला दिलं, त्यात लिहिलंय की तिथले शेतकरी अगदी छोटे आहेत, एक हेक्टरच्याही आतले, वर्षात एकच पावसाळा, सगळा भरवसा मक्यावर, आणि नवा मका हातात यायच्या आधीचे जानेवारी ते मार्च हे महिने घरात धान्य संपलेलं असतं. मिशनवाले त्यांना नांगरट न करता खड्डे खणून मका लावायला शिकवतात, वर पालापाचोळ्याचं आच्छादन, आणि म्हणे उत्पादन कितीतरी पटीने वाढतं. फोटो पण आहेत, एका बाजूला पिवळा पडलेला मका आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर गेलेला.

आता माझी अडचण अशी की मी कॉमर्सवाली, मला शेतीतलं काही कळत नाही, पण खजिनदार मी आहे त्यामुळे पैसे देताना मनाला पटलं पाहिजे. एक मैत्रीण म्हणते हे सगळं धर्मांतराचं आमिष आहे. संघातलाच एक जण म्हणतो ट्रेनिंग वगैरे काय करायचं, सरळ बियाणं आणि खत वाटा नाहीतर ट्रॅक्टर घेऊन द्या, निदान दिसेल तरी काहीतरी. ह्या विषयात कोणी काम केलं असेल तर मोकळेपणाने सांगा, वाईट असेल तर वाईट सांगा.

काळीमाती

सायलीताई, मी कृषी पदवीधर आहे आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत अशा प्रकल्पांवर काम केलंय, त्यामुळे खड्डा पद्धतीबद्दल तरी खात्रीने बोलू शकतो.

ही पद्धत आली झिम्बाब्वेतून. ब्रायन ओल्ड्रीव्ह नावाचा तंबाखूचा शेतकरी होता, ख्रिस्ती विश्वासामुळे त्याने तंबाखू लावणं सोडलं, मग मक्यात नुकसान व्हायला लागलं, आणि १९८० च्या दशकात त्याने जंगलाकडे बघून विचार केला की इथे कोणी नांगरत नाही, जमीन कायम पानांनी झाकलेली असते, तरी सगळं जोमाने वाढतं. तिथून बिननांगरटीची शेती सुरू झाली आणि चर्चच्या जाळ्यातून कितीतरी देशांत गेली. शिकवताना ते बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातून सुरुवात करतात, परमेश्वराने एदेन बाग लावली म्हणजे पहिला शेतकरी तोच, आणि आच्छादनाला देवाने घातलेलं पांघरूण म्हणतात.

प्रत्यक्षात काम कसं चालतं ते सांगतो. कोरड्या दिवसांतच एक दोरी घ्यायची, तिला दर ६० सेंटीमीटरवर खूण बांधायची, दोरी उताराला आडवी ताणायची आणि प्रत्येक खुणेपाशी कुदळीने खड्डा. दोन ओळींत ७५ सेंटीमीटर. खड्ड्यात मूठभर शेणखत किंवा मोजून थोडं रासायनिक खत, वर मातीचा थर, आणि पहिला चांगला पाऊस पडला की लगेच टोकणी. दाणे जास्त टाकायचे, उगवले की खड्ड्यात दोन रोपं ठेवून बाकीची उपटायची. पुढच्या वर्षी तेच खड्डे, तीच जागा.

फरक पडतो, खरंच पडतो. एक तर पाणी आणि खत रोपाच्या मुळाशीच राहतं. पण मला सगळ्यात मोठं कारण वेळेचं वाटतं. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला दुसऱ्याची नांगरट संपेपर्यंत थांबावं लागतं, तोवर पेरणीचे चांगले दिवस निघून जातात आणि उशिराच्या मक्याला शेवटी पाऊसच कमी पडतो. खड्डे आधीच तयार असले तर सगळ्यात गरीब बाई सुद्धा पहिल्या पावसाला पेरू शकते. झिम्बाब्वे सरकारने २०२० पासून हीच पद्धत ओल्ड्रीव्हच्या संस्थेबरोबर देशभर नेली, त्यात ३९ बाय १६ मीटरचा तुकडा धरतात, ५२ ओळी, एक ओळ म्हणजे कुटुंबाचा एक आठवडा. शाळा न शिकलेल्या माणसाला पण हा हिशोब चटकन समजतो.

आता माहितीपत्रकात जे नसतं ते. नांगरट नाही म्हणजे तण जोरात, आणि तणनाशक नसेल तर निंदणी सगळी हाताने, ती करणार बायका आणि पोरं. कोरड्या टणक जमिनीत खड्डे खणणं हे पाठीचं काम आहे. आच्छादनासाठी मक्याची धाटं ठेवायची म्हणतात पण काढणीनंतर गावातली गुरं मोकळी सुटतात, ती धाटं खाऊन टाकतात, आणि गुरांना चारा पण हवाच ना. केन गिलर ह्या कृषिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच मुद्दे मांडले होते की संवर्धित शेती, म्हणजे अशी बिननांगरटीची, जमीन झाकून ठेवायची शेती, आफ्रिकेतल्या प्रत्येक छोट्या शेतकऱ्याला झेपेलच असं नाही, तेव्हा बरीच खळबळ झाली होती, आणि मला त्याचं म्हणणं बऱ्याच ठिकाणी खरं झालेलं दिसलं. जिथे बी आणि खत पद्धतीबरोबर फुकट मिळत होतं तिथे खड्डे भरपूर, फुकटचं थांबलं की पुढच्या हंगामात खड्डे कमी.

म्हणून फोटोवर जाऊ नका. डाव्या बाजूच्या पिवळ्या मक्याला खत मिळालं होतं का आणि तो कधी पेरला होता, हे फोटोत दिसत नाही.

अंकुर_के

काळीमातींचं सगळं पटलं, पण मिशनच्या कामातलं मला सगळ्यात भावलेलं उदाहरण मक्याचं नाहीये, झाडांचं आहे, आणि ते सायलीताईंच्या तिन्ही प्रश्नांना लागू पडतं म्हणून लिहितो.

टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशनतर्फे नायजर देशात मरादी भागात गेला. वाळवंटाच्या कडेचा मुलूख, बाजरी आणि ज्वारीची शेती, झाडं तोडून तोडून शेतं उघडी बोडकी झालेली, पेरलं की वाऱ्याबरोबर उडणारी वाळू कोवळी रोपं कापून टाकायची, परत पेरा, परत तेच. ह्याचं काम झाडं लावायचं. रोपवाटिकेत रोपं करायची, गावोगाव नेऊन लावायची, आणि त्यातली बहुतेक मरायची. १९८३ मध्ये असाच रोपांचा ट्रेलर घेऊन निघाला होता, वाळूत गाडी रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी करायला थांबला, चारी बाजूंना ओसाड जमीन, त्याने तिथे प्रार्थना केली असं तो स्वतः सांगतो, आणि मग बाजूच्या एका झुडपाकडे नीट बघितलं तर पानं ओळखीची. ते झुडूप नव्हतंच, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून आलेले धुमारे होते. म्हणजे मुळं जमिनीखाली जिवंत, आणि अशी खोडं शेताशेतात. शेतकरी दरवर्षी पेरणीआधी ते धुमारे साफ करून टाकत होते.

मग पद्धत इतकी साधी की पैसे लागतच नाहीत. बुंध्यातले चांगले सरळ असे थोडे धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या अर्ध्या भागातल्या फांद्या काढायच्या, त्या सरपणाला. मुळं आधीच खोल असल्यामुळे वाढ पटापट होते. वारा अडतो, पानं पडून माती सुधारते, जनावराला शेंगा मिळतात.

पण लगेच सगळ्यांनी केलं असं समजू नका. लोक वेडा म्हणायचे. १९८४ च्या दुष्काळात मदतीच्या धान्याच्या बदल्यात झाडं राखायला सांगितलं तेव्हा पुष्कळांनी राखली, धान्य थांबल्यावर पुष्कळांनी परत तोडली. ज्यांनी ठेवली त्यांची शेतं बघून शेजाऱ्यांनी ठेवली आणि खरं ते तिथून पसरलं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मालकी. कायद्याने झाड सरकारचं होतं, मग शेतकरी कशाला जपेल? तिथल्या वनखात्याशी बोलून, राखलेलं झाड शेतकऱ्याने कापून विकलं तरी त्याला दंड नाही एवढी मोकळीक मिळाली तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. पुढे उपग्रहाच्या फोटोंवरून दिसलं की नायजरमध्ये जवळपास ५० लाख हेक्टरवर अशी झाडं परत आलीत.

आता धर्मांतराबद्दल. नायजर हा जवळजवळ पूर्ण मुस्लिम देश आहे. ती ५० लाख हेक्टर मुस्लिम शेतकऱ्यांनी हिरवी केली, मुस्लिम राहूनच. रिनाउडोला २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी त्याच्याबरोबर तोच पुरस्कार बुर्किना फासोच्या याकुबा सावाडोगो ह्या मुस्लिम शेतकऱ्यालाही मिळाला, ज्याने जुनी झाई खड्ड्यांची पद्धत सुधारून ओसाड जमिनीवर जंगल उभं केलं. म्हणजे खड्ड्यात पाणी आणि खत साठवायची युक्ती तिथल्या शेतकऱ्यांकडे आधीपासून होती हे मिशनवाल्यांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

स्पष्ट_बोलतो

मी ख्रिस्ती नाही आणि मला हा विषय इतका सोपा वाटत नाही. अंकुरनी चांगलं उदाहरण दिलं पण सगळेच रिनाउडो नसतात. ज्या घरात दोन महिने धान्य नाही त्या घरी तुम्ही बियाण्याची पिशवी घेऊन जाता आणि आधी प्रार्थना, मग प्रवचन, मग पिशवी, तर ते घर नाही म्हणू शकतं का? दबाव आवाज चढवूनच टाकावा लागतो असं नाही. गावात चर्चला जाणाऱ्यांची नावं यादीत आधी आणि बाकीच्यांची नंतर, हे मी एका देशात स्वतः बघितलंय, संस्थेचं नाव घेत नाही.

रेड क्रॉस आणि मदत संस्थांची १९९४ ची आचारसंहिता आहे, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की मदत कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही. ती बनवताना कॅरितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस हे सगळे ख्रिस्ती लोक बरोबर होते. ती आपत्तीतल्या मदतीसाठी आहे हे मान्य, शेतीला थेट लागू नाही, पण तुमच्या मिशनला विचारा ना की तुम्ही ती पाळता का. चांगली संस्था असेल तर तिला हा प्रश्न अजिबात लागणार नाही.

आणि दुसरं, शेतीची पद्धत देवाची म्हणून शिकवली की तिच्यात खोट काढायची कशी? पीक नाही आलं तर शेतकऱ्याला वाटणार माझीच श्रद्धा कमी पडली किंवा मी आळशी. हे मला धर्मांतरापेक्षा जास्त खटकतं.

सायली_एम

बापरे, एवढं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे आभार. स्पष्ट_बोलतो, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून मी जरा वेळ थांबलेच, कारण माहितीपत्रकात तसं एक वाक्य आहे, विश्वासूपणे करणाऱ्याला पीक मिळतं अशा अर्थाचं. आम्हाला ते वाचताना छान वाटलं होतं. पण पाऊसच नाही आला तर त्या बिचारीचा काय दोष?

आम्ही विश्वासाने देतोय आणि सुवार्तेवर आमचं प्रेम आहे हे मी लपवत नाही, पण कोणाच्या भुकेवर ते उभं राहावं असं आमच्यातल्या कोणालाच वाटत नाही. यादीचं मी नक्की विचारणार. अजून एक, प्रकल्प तीन वर्षांचा लिहिलाय, नंतर दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. हे चांगलं की वाईट?

पायवाट

तीन वर्षं फार कमी, सायली. मी स्वतः मिशनच्या शेती कामात बरीच वर्षं होते, म्हणून जरा आतलं सांगते.

मिशनची खरी ताकद म्हणजे माणूस तिथेच राहतो. भाषा शिकतो, चार खराब हंगाम बघतो, आपण सांगितलेलं चुकलं तर त्याला त्याच गावात तोंड दाखवायचं असतं. सरकारी प्रकल्पाचा साहेब बदलून जातो. फादर आँरी द लोलानिए हे फ्रेंच जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, १९६१ मध्ये मादागास्करला गेले आणि १९९५ मध्ये वारले तोपर्यंत भातशेतकऱ्यांबरोबरच राहिले. आधी वर्षानुवर्षं नुसतं बघत होते कोण कसं लावतो, कोण एकच रोप लावतो, कोण अधूनमधून पाणी तोडतो. मग १९८३ मध्ये त्यांच्या शाळेत १५ दिवसांचीच रोपं घाईत लावावी लागली, एरवी महिनाभराची किंवा त्याहून मोठी लावायचे, आणि त्या कोवळ्या रोपांना असे फुटवे आले की सगळे चकित. एकेक रोप, २५ सेंटीमीटरवर चौकोनात, पाणी सतत तुंबवायचं नाही, कोळपं फिरवायचं. हीच ती एसआरआय म्हणजे आपण जिला श्री पद्धत म्हणतो ती. १९९० मध्ये त्यांनी मालागासी मित्रांबरोबर टेफी साइना संस्था काढली, आणि नंतर कॉर्नेल विद्यापीठाच्या नॉर्मन अपहॉफनी ती जगभर नेली.

पण त्याच मादागास्करमध्ये नंतर अभ्यास झाला तेव्हा काय दिसलं, तर सगळ्यात गरीब शेतकरीच ती पद्धत सोडून देत होते. उत्पादन वाढतं हे त्यांना माहीत होतं. पण लावणीच्या दिवसांत घरात खायला नसतं, त्यामुळे ते रोजच्या रोज मिळणाऱ्या मजुरीसाठी दुसऱ्याच्या शेतावर जातात, स्वतःच्या शेतात जास्तीचे दिवस घालायला ते मोकळेच नसतात. हे मला आजही अस्वस्थ करतं. आपण ट्रेनिंग ज्या महिन्यात ठेवतो त्या महिन्यात त्या बाईच्या चुलीवर काय आहे, हे कोणी विचारतच नाही.

दुसरं उदाहरण फिलिपिन्सचं. हॅरॉल्ड वॉटसन, बाप्टिस्ट मिशनरी, मिंडानाओ बेटावर. डोंगर उतारावर मका लावायचे आणि पावसाबरोबर माती खाली जायची. त्यांनी १९७० च्या दशकात उतारावर समपातळीत सुबाभळीची दाट दुहेरी कुंपणं लावायला शिकवलं, चार-पाच मीटरवर एक, मधल्या पट्ट्यात पीक. समपातळी रेषा काढायला यंत्र नको. दोन लांब काठ्या वरती बांधायच्या, मधे एक आडवी, वरून दोरीला दगड लोंबत सोडायचा, दोरी आडव्या काठीच्या बरोबर मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे खुंटी ठोकायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा फिरवायचा, परत दोरी बघायची, असं उतारभर चालत जायचं. दहा वर्षांचं पोरगं पण हे करतं. कुंपण वाढलं की गुडघ्याएवढं छाटायचं आणि पाला पिकाच्या मुळाशी, तेच नत्राचं खत. वॉटसनना १९८५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि जवळपास त्याच सुमाराला एका बारक्या किडीने सुबाभळीचा फडशा पाडला, अख्खी कुंपणं सुकली. वॉटसन तिथेच होते म्हणून पद्धत वाचली, त्यांच्या केंद्राने गिरीपुष्प, फ्लेमिंजिया, डेस्मोडियम अशी दुसरी झुडपं आणली आणि एकाच जातीवर अवलंबायचं नाही हे शिकवायला लागले. तीन वर्षांनी निघून गेले असते तर? शिवाय त्याच बेटावर पुष्कळ शेतकऱ्यांनी झुडपं लावायचा आणि छाटायचा व्याप टाळून समपातळीत नुसतेच गवताचे पट्टे न नांगरता सोडले. कष्ट कमी आणि माती बरीचशी थांबते. मिशनच्या केंद्रात शिकवतात तसं ते नव्हतं, पण मला विचाराल तर तोच सगळ्यात मोठा विजय, कारण ते त्यांनी स्वतः ठरवलं.

श्रद्धेबद्दल स्पष्ट_बोलतो म्हणतात ते मला पटतं, आणि मी विश्वासणारी आहे तरी पटतं. शेजाऱ्यावर प्रीती करायची तर त्याच्या शेतात काय चाललंय ते खरं खरं बघावं लागतं.

काळीमाती

पायवाट ताईंनी मजुरीचा मुद्दा काढला तो अगदी नेमका. मलावीतही तेच, भुकेच्या महिन्यांत लोक दुसऱ्याच्या शेतावर जातात आणि स्वतःच्या मक्यात तण वाढतं. त्यामुळे तुमचे पैसे वाटपात किंवा ट्रॅक्टरमध्ये घालण्यापेक्षा (ट्रॅक्टरचं डिझेल आणि पार्ट कोण आणणार, आणि अर्ध्या हेक्टरवर तो वळणार कुठे) त्या महिन्यांची भूक कमी करणाऱ्या कामात जावेत असं माझं मत. तूर, चवळी मक्यात आंतरपीक म्हणून घेतात का विचारा. तूर तिथे चांगली येते, मका निघाल्यावर पण शेतात उभी राहते आणि पानगळीने जमीन सुधारते. आणि साठवण! ह्यावर कोणी बोललंच नाही. पिकवलेलं धान्य किडे खातात म्हणून गरीब माणूस काढणी झाल्या झाल्या पडेल भावात विकतो आणि नंतर तेच महाग विकत घेतो. आत प्लॅस्टिकचे दोन थर आणि बाहेर विणलेली गोणी अशा तीन थरांच्या पिशव्या मिळतात, तोंड घट्ट बांधलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि किडे मरतात, औषध लागत नाही. बांधून ठेवलेलं धान्य पुढच्या भुकेच्या महिन्यांपर्यंत टिकतं.

एक अजून, २०१६ पासून आफ्रिकेत अमेरिकन लष्करी अळी आलीये, मक्याचा पोंगा, म्हणजे मधली कोवळी गुंडाळलेली पानं, खाऊन टाकते. प्रकल्पात नुसता मकाच मका असेल तर त्यांना विचारा अळी आल्यावर काय करता.

सायली_एम

पाळकसाहेबांशी बोलले. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं पण ते म्हणाले विचार, पैसे लोकांच्या घामाचे आहेत. काल मिशनला सविस्तर ईमेल केला. यादी कोण ठरवतं, चर्चबाहेरच्या बायका किती आहेत, निंदणी कोण करतं आणि त्यांना विचारलं होतं का, आधीच्या जिल्ह्यातून बाहेर पडलात तिथे आज किती जण खड्डे करतात आणि कोणी मोजलं, अळी, तूर, पिशव्या, सगळं. ते विश्वासूपणाचं वाक्य काढाल का हे पण लिहिलं. तोपर्यंत निम्मीच रक्कम पाठवायची आणि बाकीची पुढच्या हंगामानंतर, असं संघात ठरलं, एक-दोघांना आवडलं नाही पण झालं.

उत्तर आलं की इथे टाकते. पायवाट ताई, तुम्हाला मेसेज केलाय, ते काठ्यांचं ए सारखं साधन आमच्या मुलांना एकदा करून दाखवाल का?

पायवाट

दाखवते की. काठ्या सारख्या लांबीच्या बघून ठेवा, आणि दोरीला दगड जरा जड हवा, हलका असला की वाऱ्याने हलत राहतो.